रिंगणी खाल्लेला बैल

त्या दुष्काळात मुरुडजवळच्या आमच्या गावात हिरवं असं एकच काय ते उरलं होतं, रिंगणी. गायरानभर पसरलेली. पानांवर काटे, देठांवर काटे, जांभळी फुलं आणि गोट्यांएवढी पिवळी फळं. फळ विषारी, म्हणून आई शेळ्यांना तिकडे फिरकूही देत नसे.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता आणि वडलांना तिथल्या नव्या कचेरीत शिपायाची नोकरी लागली होती. बांधाला बांध लागून असलेल्या मोठ्या शेतकऱ्याला ते फार खुपलं.

एका सकाळी त्याचा बैल तोंडाला फेस येऊन मेला. तो काठी घेऊनच आमच्या दारात आला.

"तुमीच इख घातलं. आता वढून न्या त्याला."

मेलेली जनावरं ओढायचं काम आजोबांपर्यंत आमच्या घरांकडे होतं. बौद्ध झाल्यावर ते सोडलं, हे त्यालाही ठाऊक होतं.

आई चुलीपुढून उठली. "इख आमी घातलं न्हाई, मालक. अन् ढोर वढायचं कवाच सोडलंय."

"नवरा कचेरीत गेला म्हून लई माज आलाय!" त्याने काठीने दारातली भरलेली घागर फोडली. मी त्याच्या अंगावर धावणार होते, पण आईने माझं मनगट घट्ट धरलं.

बैल दिवसभर उन्हात पडून राहिला. शेवटी त्या शेतकऱ्यानेच तो नाल्यात ओढून टाकला. कुत्र्यांनी पोट फाडलं तेव्हा आई नाकाला पदर लावून बघायला गेली, मी मागोमाग. आत रिंगणीची पिवळी फळं होती, काही अख्खीच.

तिथून ती तडक विहिरीवर गेली. बायका पाण्याला उभ्या होत्या, तो शेतकरीही होता.

"जाऊन बघा, मालक. पोटात रिंगणी हाय. उपाशी जनावर तुमी मोकाट सोडलं, अन् नाव आमचं घेता?"

"तूच चारली असशील. उद्यापासून या हिरीवर पाय ठिवायचा न्हाई."

बायका खाली बघत राहिल्या.

वडलांनी तक्रार केली. पोलीस आले आणि त्याच्या ओट्यावर चहा पिऊन गेले. मग आईच म्हणाली, "माझी लेकरं हितं ऱ्हाणार न्हाईत." लातुरात एक खोली मिळाली.

निघालो तेव्हा तो ओट्यावरच होता. आमच्याकडे बघून थुंकला. आईने टेम्पोतून त्याच्याकडे सरळ पाहिलं आणि रस्ता वळेपर्यंत नजर हटवली नाही.