पूजेतली सायकल

झेंडूचा वास आला की माझं डोकं अजून फिरतं. नव्वदच्या दशकात, कोपरखैरण्याला राहत असताना, मी एक जुनी रेसिंग सायकल घेतली होती. उन्हाळाभर पहाटे ठाणे-बेलापूर रस्त्यावर घाम गाळला, पावसाळ्यात ट्रकने उडवलेला चिखल खाल्ला, कारण नवरात्रात वाशीला शर्यत होती. ती नेमकी खंडेनवमीला आली. सकाळी आंघोळ करून बाहेर येतो तर वडिलांनी सायकल धुऊन, साखळी-कुलूप लावून पूजेत उभी केलेली. हँडलला झेंडूचा हार, सीटवर हळदकुंकू. शेजारी त्यांचा गोणी उचलायचा हूक. वडील मूळचे साताऱ्याचे, वाशीच्या घाऊक मार्केटमध्ये माथाडी. म्हणाले, "पूजेला लावलेलं हत्यार आज हलवायचं नसतं. उद्या दसऱ्याला काढ." मी म्हणालो, "दादा, शर्यत आज आहे." "मग पुढच्या वर्षी पळव की. देवापेक्षा शर्यत मोठी व्हय?" तेवढ्यात त्यांच्या माथाडी टोळीतल्या एकाने खालून हाक मारली, कांद्याच्या गाड्या आल्या होत्या. वडील उठले, पूजेतला हूक उचलला, त्यावरचं कुंकू लेंग्याला पुसलं. दारातून वळून ते म्हणाले, "ह्ये पोटाचं हाय. तुझा खेळ हाय." कुलपाची चावी त्यांच्या खिशातच गेली. वाशीला शर्यत सुटली तेव्हा माझ्या सायकलपुढे उदबत्ती जळत होती. आता वडील थकलेत, आमच्याकडेच असतात. दर खंडेनवमीला माझी मुलगी विचारते, "बाबा, आपण गाडीची पूजा का नाही करत?" आतल्या खोलीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मी सांगतो, "मला आज जायचंय."