आतून जा

"सरकारी दवाखाना कुठं आला हो?" हातात जेवणाचा डबा घेतलेल्या एका बाईंनी विचारलं. वाचनालयासमोरच्या टपरीवर चहा घेता घेता मी सवयीनं सांगून टाकलं, "वाचनालयाच्या आतून जा, दोन मिनिटांत पोचाल."

आमच्याकडं पत्ता असाच सांगतात. ज्यानं कुणी या इमारती बांधल्या, त्यानं वाचनालयाचा मागचा व्हरांडा दवाखान्याच्या आवारात उघडा सोडला होता. पेशंटचे नातेवाईक तिथल्या पायऱ्यांवर बसून जेवायचे, पेपर चाळायचे, डोळे पुसायचे. शहर खरं राहत असेल तर अशाच जागेत, जी धड ह्याचीही नसते आणि त्याचीही नसते. तीच आम्ही बुजवली. लोक थुंकतात, आडवे होतात, म्हणून वाचनालयाच्या कमिटीनं मध्ये भिंत घातली. ठरावाला अनुमोदन माझं होतं. कुठं गेली होती माझी अक्कल?

बाई धापा टाकत परत आल्या. "दादा, तिथं तर भिंत आहे! दवाखान्यात पाचनंतर आत सोडत नाहीत. दुसरी वाट नाही का?"

दुसरी वाट चौकाला वळसा घालून, वीस मिनिटांची. पाचाला दोन मिनिटं कमी होती. मी त्यांचा डबा घेऊन भिंतीकडं धावलो. ती माझ्या डोक्यावर हातभर उंच. "कुणी आहे का पलीकडं? एवढा डबा घ्या हो!" मी ओरडत राहिलो.

पलीकडून पाचची घंटा ऐकू आली, अगदी कानाशी वाजावी तशी.