आईच्या दातांवर चार वाक्यं

मंडळी, आज आमच्या मोहोळजवळच्या शाळेत दंतआरोग्य प्रकल्प होता. तिसरीच्या मुलांनी घरच्यांच्या दातांवर चार वाक्यं लिहून पालकांसमोर वाचायची होती.

वर्षभर अक्षराअक्षराला अडखळणारी राणी आज घडाघडा वाचत गेली. "माझी आई मिश्री लावते. तिचे दात काळे आहेत. तोंडाला वास येतो. मी तिच्याजवळ झोपत नाही."

पालक हसले. मी सगळ्यांना टाळ्या वाजवायला सांगितलं. राणीच्या आईला त्यासाठी तोंडावरचा पदर सोडावा लागला.

नंतर ती राणीचा कागद घेऊन माझ्याकडे आली. "बाई, मला वाचता येत न्हाय. खरंच असं लिवलंय का हितं?"

"हो," मी म्हटलं. "आणि एकही चूक नाही."

तुम्ही काय सांगितलं असतं?