मिठानेही न मेलेले जंतू

मंडळी, आज शहापूरच्या दवाखान्यात काकाला भेटून आले. काल त्याचा पाय घोट्यापासून कापावा लागला.

भाताच्या लावणीत पायात काटा घुसला होता. ओढा भरलेला, डोळखांबकडच्या आमच्या पाड्यावरून बाहेर पडायला वाटच नव्हती. काकू रोज पाय मिठाच्या पाण्यात बुडवायची, मग साध्या पाण्याने धुवायची.

"एवढ्या मिठात जंतू मेलं नाय?" काकाने विचारलं. मी बारावीला जीवशास्त्र शिकवते.

म्हटलं, "मिठात तगायला ते आत क्षार साठवतात, म्हणून साध्या पाण्यात आले की फुगतात. पण फुटायच्या आत त्यांच्या आवरणातली प्रथिनांची दारं उघडतात, आतले क्षार बाहेर पडतात आणि बरेचसे वाचतात."

काका पट्टीकडे बघत म्हणाला, "त्यांना पन बाहेर पडायला दार हाय गो. आपल्याला नाय."

सोमवारी हाच धडा वर्गात घ्यायचाय. कसा घेऊ?