हालिना आजींचं एकमेव हसरं नाटक

हालिना आजी आज सकाळी गेल्या. वय एक्क्याण्णव.

पोलंडच्या कवयित्री, नाटककार. आणि इथे दुबईत, करामा भागात लेकीकडे राहणाऱ्या माझ्या पेशंट.

चार वर्षांपूर्वी मी physio साठी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले. त्यांच्या लेकीशी, एवाशी, इंग्लिशमध्ये बोलले. मग रत्नागिरीहून अम्मीचा फोन आला. मी तिला मराठीत म्हटलं, "म्हातारी हट्टी दिसतेय."

बेडवरून आवाज आला, "हट्टी हायच मी. पर म्हातारी कुणाला म्हणतीस गं?"

मी फोन ठेवून दिला.

आजी सहा वर्षांच्या असताना, दुसऱ्या महायुद्धात, रशियन सैनिकांनी सगळ्या कुटुंबाला रेल्वेत कोंबून सायबेरियात नेलं. वडील परत दिसलेच नाहीत. तिथून सुटल्यावर वाटेत आई गेली.

धाकट्या भावाचा हात धरून ही पोर कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला, पोलिश निर्वासितांच्या छावणीत पोचली. पाच वर्षं राहिली. मराठी तिथलीच.

पुढे पोलंडला जाऊन आयुष्यभर युद्धावर लिहिलं. कोल्हापूरवर एक ओळ नाही.

"का?" मी विचारलं.

"रडले ते लिवलं. हसले ते लिवायचं ऱ्हायलं बघ."

मग exercise करता करता त्या सांगायच्या, मी मोबाईलवर टाइप करायची. असं नाटक झालं. मराठीत.

मागच्या वर्षी आमच्या बिल्डिंगच्या मुलांनी ते केलं. छोटी हालिना माझी लेक झोया. घरी मराठीत विचारलं तरी इंग्लिशमध्ये उत्तर देणारी.

मी केळीवाली.

छावणीतली हालिना आयुष्यात पहिल्यांदा केळं बघते. सालीसकट चावते. आता माझं वाक्य.

मी विसरले.

झोया तोंडात साल धरून माझ्याकडे बघतेय.

पहिल्या रांगेतल्या wheelchair मधून आजी ओरडल्या, "अगं येडे, सोलून खा की."

झोया जी हसत सुटली, ती थांबेना. मग सगळा हॉल. आजी तर डोळे पुसत होत्या.

नंतर एवा मला म्हणाली, "I've sat through all her premieres. Nobody ever laughed."

गेल्या आठवड्यात पोलंडहून मेल आली. तिथल्या एका शाळेतली मुलं हे नाटक पोलिशमध्ये करणार आहेत.

आजींनी ती मेल माझ्याकडून तीनदा वाचून घेतली.

मग पाय पांघरुणात ओढून घेत म्हणाल्या, "आज व्यायाम न्हाई. खलास."

मीही आग्रह केला नाही. चहा केला, दोघी प्यालो.

आजी, खूप प्रेम.
खुदा हाफिज.