घरचं विचारायचं नाही

आनंदी दामले यांच्याशी भांडून कुणी जिंकल्याचं कर्वेनगरातल्या त्या सोसायटीत कुणाच्या ऐकिवात नव्हतं. पार्किंगमध्ये आडवी लावलेली गाडी असो, नाही तर टाकी न धुताच पैसे मागणारा माणूस असो, बाई जिन्यात उभ्या राहून एकदाच बोलत आणि समोरचा गप्प होई. गोड बोलायची त्यांना सवयच नव्हती. "ज्यांना काही लपवायचं असतं, ते बोलतात गोड," असं त्या म्हणत.

त्यांची सारी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. कानाला हेडफोन लावून त्यांनी गावोगावची माणसं जोडून दिली. लाइन नीट लागली की नाही हे पाहण्यासाठी क्षणभर कान द्यावाच लागे, आणि त्या क्षणात नको ते कानावर पडे. मोडलेली लग्नं, कुणाच्या आईचं शेवटचं दुखणं, रडू दाबून केलेली चौकशी. त्यातलं एक वाक्यही बाईंनी कधी घरी आणलं नाही. नवऱ्यालादेखील सांगितलं नाही. अभिमान बाळगावा असं आपण आयुष्यात एवढं एकच केलं, असं त्यांना वाटे.

नवरा गेल्यावर त्यांनी सोसायटीच्या हॉलमध्ये दुपारची पंगत सुरू केली. म्हणायला पंगत. मांडी कुणालाच घालता येत नव्हती, म्हणून टेबल-खुर्च्याच होत्या. आसपासच्या इमारतींतली एकटी म्हातारी माणसं तिथे जेवायला येत. कुणाची मुलं परदेशात होती, कुणाची घरात असून नसल्यासारखी. स्वयंपाक तुळजाबाई करत. खर्च मार्केट यार्डातले एक गुळाचे व्यापारी उचलत. नियम दोनच होते. रिकाम्या हाताने यायचं नाही. चार मिरच्या, एखादं लिंबू, कढीलिंबाची काडी, काहीही चालेल, पण फुकट जेवलो असं कुणाला वाटायला नको. आणि घरचं विचारायचं नाही. ज्याने त्याने आपलं घर उंबऱ्यापाशी ठेवून यायचं.

पहिला नियम पंगतीला येणाऱ्या रंगनाथ आठल्ये यांनी काढला होता. पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात त्यांची हयात गेली होती. आता समोर नकाशा नसल्यामुळे ते ताटातल्या चुका काढत.

"दामलेबाई, ही आमटी आहे की कालव्याचं पाणी?"

"कालव्याचंच. गाळ नाही, म्हणून तुम्ही ओळखलं नाहीत."

"तुळजाबाई, यांना सांगा, डाळ नावाचा एक पदार्थ असतो."

"मला नका मधी घेऊ," तुळजाबाई म्हणत. "तुमचं रोजचंच हाय."

रोजचंच होतं. एखाद्या दिवशी आठल्ये काही बोलले नाहीत, तर बाईंना जेवण जात नसे. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, आठल्यांना तर मुळीच नाही.

मागच्या पावसाळ्यात आठल्ये दोन दिवस आले नाहीत, म्हणून बाई त्यांच्या घरी गेल्या. तापाने फणफणून पडले होते. पाणी द्यायला बाई स्वयंपाकघरात शिरल्या आणि थबकल्या. ओट्यावर शेगडी नव्हती. सिलिंडरच्या जागी जुनी वर्तमानपत्रं रचलेली होती. विजेची एक किटली, बिस्किटांचे पुडे, टोपलीत दोन काळी पडलेली केळी. बस.

बाहेर येऊन त्यांनी पेला पुढे केला. आठल्ये भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "एकट्यासाठी कोण सिलिंडर आणत बसतो? कुणाला सांगू नका."

"मी टेलिफोनमध्ये होते," बाई म्हणाल्या.

दिवाळीनंतर गुळाचे व्यापारी गेले. त्यांच्या मुलांनी बाईंना चहा पाजला आणि सांगितलं, "बाबांचं ते बाबांबरोबर." हातात होतं ते महिनाअखेरपर्यंत पुरणार होतं. त्यानंतर पंगत बंद पडणार, आणि हॉल हवा असलेले सोसायटीतले बॅडमिंटनवाले त्याचीच वाट बघत होते.

बाईंनी शोधून एका कंपनीच्या संस्थेकडे अर्ज केला. एकट्या वृद्धांचं जेवण आणि सहवास यांसाठी ती संस्था अनुदान देत असे. पाहणीला कुणीतरी येणार असल्याचा फोन आला. बाईंनी पंगतीत तेवढंच जाहीर केलं, आणि इथेच सगळं बिघडलं. पाहुणे येणार म्हटल्यावर पुण्याचा म्हातारा माणूस जे करतो, तेच सगळ्यांनी केलं. कपाटाच्या तळातून ठेवणीतल्या साड्या निघाल्या. सदरे इस्त्रीचे झाले. तुळजाबाईंच्या मागे लागून साखरभात करवून घेतला. शेजारच्या इमारतीतल्या इंदुबाई तर मोत्यांच्या कुड्या घालून आल्या.

संस्थेची मुलगी, तनया, हातात टॅब घेऊन हॉलभर फिरली. टेबलावरच्या मिरच्या आणि लिंबं पाहून तिने विचारलं, "सो, हे पॉटलक आहे? सगळे आपापलं आणतात?"

"हे जेवण आहे," बाई म्हणाल्या.

"नाइस!" तनया म्हणाली, आणि सगळ्यांच्या देखत तिने इंदुबाईंना विचारलं, "आजी, घरी दोन्ही वेळचं जेवण नीट होतं का?"

हॉलमधले चमचे थांबले. इतक्या वर्षांत तो प्रश्न तिथे कुणी कुणाला विचारला नव्हता.

"म्हणजे काय? आमच्याकडे स्वयंपाकीण येते," इंदुबाई म्हणाल्या. ती कधीच सोडून गेली होती.

"आमच्या सूनबाई सगळं डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवून जातात," पलीकडून कुणी म्हणालं.

"आम्ही आपले गप्पा मारायला येतो इथे."

तनया आठल्यांकडे वळली. त्यांनी साखरभाताचा घास संथपणे गिळला. "मुली, माझ्याकडे रोज साग्रसंगीत जेवण असतं. इथे येतो तो यांच्या स्वयंपाकाचे दोष नोंदवायला."

सगळे हसले. तनयाही हसली आणि तिने टॅब बंद केला.

"मॅम, ग्रुप खूपच क्यूट आहे. पण आमचा फंड, यू नो, ज्यांना खरंच खायला मिळत नाही त्यांच्यासाठी आहे. इथे मला तशी नीड दिसत नाहीये. विश्रांतवाडीला दुसरा एक ग्रुप आहे, तिथली केस जास्त स्ट्राँग आहे."

"तू आतून काही पाहिलं नाहीस," बाई म्हणाल्या.

"मी सगळ्यांना विचारलं ना, मॅम. ते स्वतःच सांगतायत."

ती पर्स खांद्याला लावू लागली. बाईंनी हॉलकडे पाहिलं. इस्त्रीचे सदरे, मोत्यांच्या कुड्या, समाधानाने हसणारी तोंडं. आपल्याच हाताने आपल्यापुढचं ताट दूर सारणारी माणसं. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

"थांब!" त्या म्हणाल्या. "तुला नीड बघायची आहे ना? या आठल्यांच्या घरी चल. ओट्यावर शेगडीसुद्धा नाही. सकाळी चहा-बिस्किट, रात्री केळं. दिवसाचं अन्न म्हणशील, तर एवढं, या ताटातलं. साग्रसंगीत म्हणे! लिही. नावानिशी लिही."

तनयाने टॅब पुन्हा उघडला.

आठल्ये उठले नाहीत. ताटात थोडा साखरभात राहिला होता. अन्न टाकायचं नाही, म्हणून त्यांनी मान खाली घालून तो सावकाश संपवला. सगळे बघत असताना संपवला. मग ताट बेसिनवर नेऊन विसळलं, हात पुसले आणि बाईंच्या समोर येऊन उभे राहिले.

"टेलिफोनमध्ये होतात ना तुम्ही?" एवढंच विचारून ते गेले.

अनुदान मंजूर झालं. तनयाने अभिनंदनाचा निरोप धाडला, फोटो मागवले आणि आठल्यांची केस 'खूप मूव्हिंग' ठरल्याचं कळवलं. पंगत चालू राहिली. आठल्ये आले नाहीत. बाकीचे येत, पण ताटाबाहेर नजर काढत नसत. मिरच्या आणि लिंबं येईनाशी झाली.

"आता कंपनीचंच आहे ना? मग आम्ही कशाला आणायचं?" इंदुबाई म्हणाल्या. मग आवाज बारीक करून म्हणाल्या, "माझं काय काय सांगितलंत हो तिला?"

"काही नाही."

"हं," इंदुबाई म्हणाल्या. बाईंवर त्यांचा विश्वास बसला नव्हता, आणि तो का बसावा, हे बाईंनाही सांगता आलं नसतं.

एका दुपारी, भात शिजत असताना, बाई आठल्यांच्या मजल्यावर गेल्या. आतलं दार उघडलं, जाळीचं बंदच राहिलं.

"संस्थेच्या वतीने आलात की स्वतःच्या?"

"स्वतःच्या."

"मग उभ्या राहा. संस्थेला खुर्ची दिली असती."

बाई उभ्या राहिल्या. येताना जे म्हणायचं म्हणून ठरवलं होतं, ते मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. ते शब्द त्यांच्या वापरातले नव्हते. "माझं चुकलं," त्या अखेर म्हणाल्या.

"हो," आठल्ये म्हणाले.

"पंगत बंद पडली असती."

"नाही ना पडली? मग झालं. माझ्या नसलेल्या शेगडीवर तुमचा सगळ्यांचा स्वयंपाक होतोय."

"तुम्ही बोललात ते खोटं होतं, आठल्ये. त्या खोट्यापायी सगळे उपाशी राहिले असते."

"खोटं माझं होतं. ते मोडायचं तर मी मोडलं असतं. तुम्ही कोण?"

यावर बाईंकडे उत्तर होतं, आणि एरवी त्यांनी ते दिलंही असतं.

"उद्या या," त्या म्हणाल्या.

"मी आलो की एकेक जण माझ्या ताटाकडे बघेल. किती घेतो, पुन्हा मागतो का, ते बघेल. तसं नाही जेवता येत माणसाला."

"डबा पाठवू?"

"पाठवलात तर तसाच परत येईल."

"मग खाणार काय?"

"ते तुम्हाला आता कळायचं नाही," आठल्ये म्हणाले, आणि त्यांनी आतलं दार लावून घेतलं. आपटलं नाही. हळू, कडी नीट बसेल असं लावलं.

बाई कठड्याला धरून खाली उतरल्या. हॉलमध्ये माणसं बसली होती. तुळजाबाईंनी भात परातीत काढला होता. बाई कुठून आल्या हे सगळ्यांना कळलेलं दिसत होतं, कारण बऱ्याच दिवसांनी सगळ्यांच्या माना वर झाल्या होत्या.

इंदुबाईंना राहवलं नाही. "काय म्हणाले हो आठल्ये? काय परिस्थिती आहे घरात?"

बाईंनी भातवाढी उचलली.

"भात गार होतोय," त्या म्हणाल्या. "जेवा."