माळवदावरचा श्रीपती

आमच्या गावात पहिला टीव्ही आला, तो रोज अख्खं गाव बघायचं, एकट्या श्रीपतीला सोडून. आणि गंमत बघा, दिसायचा तो श्रीपतीच्याच जिवावर!

सोलापूरला टावर उभा राहिला त्या सुमाराची गोष्ट. दुष्काळ असा की ढोकीच्या कारखान्याला उसाचं कांडं मिळेना. पण आमच्या विकास सोसायटीनं टीव्ही आणलाच. हापिसाच्या माळवदावर बांबू उभा केला, वर अँटेना बांधला. सोलापूर पडलं आमच्या दक्षिणेला. मिस्त्री तिकडं तोंड करू लागला, तर चेअरमन तात्याराव खालून ओरडले, "यमाच्या दिशेला तोंड करतोस व्हय रं? पूर्वेकडं कर!"

केलं पूर्वेकडं. नारळ फुटला, हळदीकुंकू लागलं, बांबूचा बुडखा सिमेंटात बसला. टीव्ही लावला, तर पडद्यावर नुसत्या मुंग्या!

आता पूजलेलं उपटायचं कसं? मग सोसायटीचा शिपाई श्रीपती वर चढला. दोन्ही हातांनी बांबू पिळून त्यानं अँटेना दक्षिणेला वळवला, आणि खाली बातम्या सांगणारी बाई लख्ख उमटली. हात सोडला की बांबू उसळून परत पूर्वेकडं. तात्याराव खूश. "मानसानं धरलं तर दोष न्हाय," म्हणाले.

झालं, श्रीपती अडकला. रोज सांजेला तो वर, गाव खाली अंगणात. "श्रीपती, मुंग्या आल्या!" "आवळून धर की, जेवला न्हाईस का?" खाली हसू फुटलं की तो वरून विचारायचा, "काय झालं? काय झालं?" सांगायला कुणाला सवड? शिपाईपण सोडावं, तर त्या दुष्काळात जाणार कुठं?

एके दिवशी टीव्हीवाल्यांची गाडी पाझर तलावावर आली. रोजगार हमीवर दगड फोडणाऱ्या बायकांचं चित्रण केलं. श्रीपतीची बायको मालनबाई त्यांच्याशी बोललीसुद्धा. काय बोललीस म्हणून श्रीपतीनं लई विचारलं. ती म्हणायची, "दिसंल तवा बघा की."

तो दिवस आला. श्रीपती हात जोडून म्हणाला, "चेअरमनसाब, आजच्यापुरतं दुसरं कुणी चढवा. बायकू दिसणार हाय माझी."

पण तलावावर कुणाची आई होती, कुणाची सून. एकजण जागचा उठेना. तात्याराव म्हणाले, "तुझी बायकू तुला रोज दिसती की! चढ."

चढला बिचारा. कार्यक्रम लागला, तलाव दिसला, पोरं टाळ्या पिटू लागली. तेवढ्यात मालनबाई उठली, पदर खोचला आणि शिडीला लागली.

"बाईमानसानं माळवदावर चढायचं?" तात्याराव ओरडले.

"दगड फोडताना बाईमानूस दिसलं न्हाय व्हय कुणाला?" म्हणत ती वर पोचली. "अवो, द्या हिकडं. माझं त्वांड मला ठावं हाय, तुमी जावा."

श्रीपती शिडीवरून घसरतच खाली आला. पडद्यावर मालनबाई घाम पुसत होती. माईकवाल्यानं विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"मालक असत्यात," पडद्यावरची मालनबाई म्हणाली. "पन सांच्याला न्हाय. सांच्याला त्यास्नी बांबूला बांधत्यात."

अंगण हसून लोटपोट! तात्याराव मात्र पायाकडं बघत बसले. श्रीपती हसला नाही. दाराशी उभा राहून बघत राहिला.

वरून हाक आली, "दिसलं का वं?"

"दिसलं गं. सोड आता."

तिनं सोडला. सगळ्या मुंग्या! गाव बोंबलत राहिलं, आणि ती दोघं बरोबरीनं घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सांजेला श्रीपती परत बांबूला. अँटेना पूर्वेकडंच होता ना! मी खालून विचारलं, "काय रं, काल कसा वाटला टीव्ही?"

"काय नवं न्हाय," तो वरून म्हणाला. "तितंबी मी माळवदावरच होतो."